वूफरला अँप जुळवताय? खोका बाजूला ठेवा, आधी बोनेट उघडा

गाडीच्या ऑडिओच्या दुकानात वूफरचा, म्हणजे जड आवाजाच्या स्पीकरचा, खोका पुढ्यात येतो. त्यावर ठसठशीत छापलेलं असतं, १३०० वॅट. शेजारी अँप, म्हणजे त्याला पॉवर देणारा अँप्लिफायर, त्यावर ३००० वॅट. घेणारा मनात हिशोब मांडतो की तीन हजारांचा अँप तेराशेच्या वूफरला जाळणार तर नाही? हिशोब चुकीचा नाही, पण त्यात टाकलेले दोन्ही आकडे निरुपयोगी आहेत. डेक आणि टेपरेकॉर्डरच्या जमान्यात टीचभर स्पीकरवर ‘पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभराची फुगवलेली पॉवर) लिहून त्याला हजार वॅटचा करून टाकायचे. नाव बदललं, खोड तीच.

कामाचा आकडा एकच, आरएमएस, म्हणजे सतत देता किंवा झेलता येणारी पॉवर. वूफरच्या माहितीपत्रकात तो आरएमएस, नॉमिनल किंवा कंटिन्युअस अशा नावाने बारीक अक्षरात दडलेला असतो. १३०० छापलेल्या १२ इंची वूफरचा आरएमएस बऱ्याचदा ३०० ते ४०० च्या घरात निघतो. अँपच्या बाबतीत मात्र नुसता आरएमएस पुरत नाही. तो किती ओहमवर (म्हणजे वूफरच्या रोधावर), किती व्होल्टला आणि किती डिस्टॉर्शनवर (आवाजाच्या विकृतीवर) मोजला, हेही कळायला हवं. अमेरिकेत यासाठी सीटीए-२००६ हे मानक आहे. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंत डिस्टॉर्शन या अटींवर मोजणी होते. खोक्यावर ते चिन्ह असेल तर आकड्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. रॉकफर्ड फॉसगेटसारखी कंपनी तर अनेक अँपसोबत त्या नगाची प्रत्यक्ष मोजलेली पॉवर लिहिलेला कागद देते.

चिन्ह नसेल तर फ्यूज बघा. फ्यूज सहसा खोटं बोलत नाही. अँपच्या अंगावर लावलेल्या फ्यूजच्या अँपिअरची बेरीज करा, तिला १३.८ व्होल्टने गुणा आणि कार्यक्षमतेने कमी करा. क्लास डी आणि क्लास एबी हे अँपच्या सर्किटचे दोन प्रकार. क्लास डीला ०.८ धरा, जुन्या क्लास एबीला ०.५५. त्या ३००० वॅटच्या अँपवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट आत जाणार. क्लास डी असेल तर त्यातले ३३० बाहेर येतील, क्लास एबी असेल तर सव्वादोनशेच्या आसपास. फ्यूज क्षणभर जास्त करंट सोडतो हे खरं, पण त्याने ३३० चे ३००० होत नाहीत. अंगावर फ्यूजच नसलेले मोठे अँपही मिळतात. तिथे कंपनीने किती अँपिअरचा बाहेरचा फ्यूज लावायला सांगितलाय, तो आकडा घ्या.

वीज येते कुठून

बहुतेक लोक आधी वूफर आवडीने घेतात, मग त्याला अँप शोधतात आणि वायर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत. आमचं म्हणणं, हा क्रम उलटा करा. आधी गाडी किती वीज देऊ शकते ते बघा, त्यावरून अँप ठरवा, अँप किती ओहमवर तेवढी पॉवर देतो ते बघा आणि मग त्या ओहमचा वूफर घ्या.

आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ७० ते ९० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) असतो. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असतानाचा. सिग्नलला उभं असताना तो त्याच्या बराच खाली असतो. आता पावसाळ्यातली रात्र डोळ्यासमोर आणा. हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, फ्युएल पंप, मागच्या काचेचा डीफॉगर. गाडीचा स्वतःचा खर्चच ३५-४० अँपिअरच्या आसपास पोहोचतो. उरलं ते तुमच्या वूफरचं.

५०० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप पूर्ण जोरात असताना ६२५ वॅट ओढतो, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर. तेवढंच काम क्लास एबीला करायला सांगितलं तर ६५ अँपिअर. पण गाणं म्हणजे सलग सूर नव्हे. ढोलाचा ठोका पडतो, मग मोकळी जागा येते. सरासरी ओढ पूर्ण जोराच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी असते. म्हणून मूळ अल्टरनेटर आणि मूळ बॅटरीवर ५०० वॅट आरएमएसपर्यंत क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अँप) सुखाने चालतो. त्यापुढे जायचं तर आधी विजेवर खर्च करा. १००० वॅट आरएमएसचा अँप घेऊन मूळ वायरिंगवर चालवणं म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळाला अग्निशमन दलाचा पाइप जोडणं.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. इंधन वाचवायला अल्टरनेटरचं व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो, त्यामुळे कधी १४.५ तर कधी १२.८ दिसतं. साध्या अँपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. १४.४ ला ३०० वॅट देणारा अँप १२.५ ला २२५ वॅटवर येतो. ऐकायला फार वाटतं, पण कानाला हा फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा. त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी आतून रेग्युलेटेड सप्लाय असलेले अँप आहेत. जेएल ऑडिओच्या स्लॅश मालिकेतला ५००/१ हा ११ ते १४.५ व्होल्ट आणि १.५ ते ४ ओहम या सगळ्या पल्ल्यात ५०० वॅटच देतो. किंमतही तशीच.

ओहमचं लग्न

वॅटपेक्षा जास्त घोळ इथे होतो. समजा मोनो अँपच्या पुस्तिकेत लिहिलंय की ४ ओहमला १८०, २ ओहमला ३००, १ ओहमला ५०० वॅट. आणि वूफर ३०० वॅट आरएमएसचा, डबल कॉइल (पडदा हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्या), प्रत्येक कॉइल ४ ओहमची. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम, अँप ३०० वॅट देणार, वूफर ३०० घेणार. चोख. त्याच कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम, आणि अँप शंभर वॅटच्या आसपास रडत बसणार. तोच वूफर प्रत्येकी २ ओहमच्या कॉइलचा घेतला असता तर पॅरलल १ ओहम किंवा सिरीज ४ ओहम हे दोनच पर्याय उरले असते. १ ओहमला ५०० वॅट, म्हणजे वूफरला जास्त. ४ ओहमला १८०, म्हणजे कमी. वूफर तोच, किंमत तीच, खोक्यावर फक्त ‘डी४’ च्या जागी ‘डी२’.

दोन वूफर असतील तर गणित एक पायरी पुढे जातं. दोन्ही डबल ४ ओहम, चारही कॉइल पॅरलल केल्या तर १ ओहम. प्रत्येकाच्या कॉइल सिरीज करून दोन वूफर पॅरलल केले तर ४ ओहम. यात २ ओहम मिळतच नाही. दोन्ही डबल २ ओहमचे असतील तर सिरीज-पॅरलल करून २ ओहम मिळतं, आणि सगळं पॅरलल केलं तर अर्धा ओहम. हा अर्धा ओहम १ ओहमच्या अँपला जोडला की नशीब असेल तर प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो आणि नसेल तर आतले मॉस्फेट (पॉवर देणारे ट्रान्झिस्टर) जातात. दोन वूफर एकाच अँपवर चालवायचे तर एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळे असले की पॉवरची वाटणी असमान होते, आणि जो कमकुवत तो आधी जातो.

डबल कॉइलची एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडायची आणि ‘ओहम जुळवले’ म्हणायचं, हा जुगाड करू नका. उष्णता सोसायची ताकद जवळपास निम्मी होते आणि वूफर ज्या लाकडी खोक्यात बसवतात त्याचं गणितही बिघडतं. त्याहून वाईट म्हणजे एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे जोडणं. दोन कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात, कोन, म्हणजे वूफरचा पडदा, हलत नाही, आवाज येत नाही, म्हणून माणूस आवाज वाढवतो. हलणाऱ्या कोनमुळे मिळणारा वाराही नाही, मग काही मिनिटांत जळका वास.

जोडणी झाल्यावर अँपला वायर लावण्याआधी मल्टिमीटरने वूफरच्या टोकांवर ओहम मोजा. ४ ओहमची कॉइल मीटरवर ३.२ ते ३.७ दाखवते, कारण मीटर डीसी रोध मोजतो. २ ओहमच्या जोडणीला १.६ ते १.९ दिसलं की बरोबर. ०.९ दिसलं तर कुठेतरी चुकलं आहे. मीटरचे दोन प्रोब आधी एकमेकांना लावून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका. स्वस्त मीटरच्या वायरीच ०.३ ओहम खातात आणि १ ओहमच्या मोजणीत तेवढी गफलत खूप झाली.

प्रत्यक्ष वाजताना वूफर कधीच सरळ २ ओहम राहत नाही. खोक्यात बसवल्यावर अनुनादाच्या आसपास ४ ओहमचा वूफर २०-३० ओहमपर्यंतही चढतो. कॉइल तापली की तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे १०० अंश तापली की ३९ टक्के. म्हणून कागदावरचे ३०० वॅट ही वरची मर्यादा समजा. रोज तेवढे कॉइलपर्यंत पोहोचत नाहीत, आणि हेच वूफरचं आयुष्य वाढवतं.

चार चॅनेलच्या अँपचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून (दोघांची पॉवर एकत्र आणून) वूफर वाजवणं ही आपल्याकडची सगळ्यात लोकप्रिय जोडणी. पुढच्या दोन चॅनेलवर दरवाजातले स्पीकर, एका अँपमध्ये काम भागतं. इथे लक्षात ठेवायचं ते इतकंच की ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. अँप दर चॅनेलला २ ओहमपर्यंत चालणारा असेल तर ब्रिजमध्ये किमान ४ ओहमच. तेव्हा इथे सिंगल ४ ओहमचा किंवा डबल २ ओहम सिरीजमधला वूफर घ्या. डबल ४ पॅरलल करून २ ओहम ब्रिजला लावला की नागपूरच्या मे महिन्यात तो अँप दर वीस मिनिटांनी बंद पडेल आणि दोष उन्हाला दिला जाईल.

किती जास्त, किती कमी

सर्वसाधारण सल्ला असतो की अँपचा आरएमएस वूफरच्या आरएमएसइतका किंवा थोडा जास्त ठेवा. बरोबर आहे, पण कारण समजलं की नियमाची भीती उरत नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ३०० ऐवजी ४०० वॅटचा अँप घेतला तर फरक सव्वा डेसिबलचा. तेव्हा ७५ टक्क्यांपासून दीडपटीपर्यंत कुठेही असलात तरी चालेल, जर गेन (अँपवरचा इनपुट जुळवायचा स्क्रू) नीट लावला असेल.

‘कमी वॅटच्या अँपने वूफर जळतो’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरं वाटू लागलंय. कमी पॉवरने काहीही जळत नाही. आवाज कमी ठेवता तेव्हा वूफरला दोन वॅटच जात असतात, तेव्हा जळतो का? जळतो तो क्लिपिंगमुळे वाढलेल्या सरासरी पॉवरने. अँपची मर्यादा संपली की लाटेचं डोकं छाटलं जातं आणि ती चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या साइन लाटेपेक्षा दुप्पट पॉवर असते. म्हणजे ३०० वॅटचा अँप पार क्लिप केला तर ६०० वॅटच्या आसपास जाऊ शकतात, आणि ३०० वॅटचा वूफर त्याने नक्की जळेल. पण १०० वॅटचा अँप कितीही पिळला तरी २०० च्या वर देत नाही, आणि ५०० वॅटच्या वूफरची कॉइल त्याने जळणार नाही. आवाज फाटेल, वूफर नाही.

उलट मोठा अँप छोट्या वूफरवर सांभाळून चालवता येतो. फक्त आवाजाची कळ कोणाच्या हातात आहे याचा विचार करा. घरात अठरा वर्षांचा मुलगा गाडी चालवणार असेल तर मोठा अँप घेऊ नका.

गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे

सगळी जुळवाजुळव शेवटी या एका स्क्रूवर येऊन ठरते. गेनचं काम इतकंच की स्टिरिओच्या आउटपुटला अँपच्या पूर्ण पॉवरशी जोडून देणं. स्टिरिओचं आरसीए आउटपुट (अँपकडे सिग्नल नेणारं) २ व्होल्टचं असेल किंवा ४ व्होल्टचं, गेन फिरवून दोघांकडूनही तीच कमाल पॉवर मिळते. २ व्होल्टवाल्याला गेन थोडा जास्त लागेल, बस.

लावायचं कसं? लक्ष्य व्होल्टेज काढा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. अँपचा आरएमएस आणि वूफरचा आरएमएस यातला जो लहान तो वॅटच्या जागी घाला. आपल्या उदाहरणात ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५ व्होल्ट. ४ ओहमला ३०० वॅट असते तर ३४.६. १ ओहमला ५०० असते तर २२.४.

मग ५० हर्ट्झचा साइन टोन, ० डेसिबल पातळीचा, वेव्ह फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर घ्या. ब्लूटूथवरून वाजवू नका, फोनचा आवाज आणि स्टिरिओचा आवाज अशा दोन पायऱ्या मध्ये येतात आणि गोंधळ होतो. ५० हर्ट्झ यासाठी की स्वस्तातला मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनवलेला असतो, तिथे तो बरोबर वाचतो. स्टिरिओवर इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बेस बूस्ट बंद, सबवूफर लेव्हल शून्यावर. अँपवर बेस बूस्ट शून्य, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर) बंद, लो-पास (वरचे सूर अडवणारा) फिल्टर पूर्ण वर, गेन पूर्ण खाली. वूफरच्या दोन्ही वायरी अँपमधून काढून ठेवा. इंजिन चालू, गाडी मोकळ्या जागी, बंद गॅरेजमध्ये नाही.

स्टिरिओचा आवाज कमालीच्या तीन चतुर्थांशावर न्या, ४० पर्यंत जात असेल तर ३० वर. मीटर एसी व्होल्टवर लावून प्रोब अँपच्या स्पीकर आउटपुटवर धरा आणि गेन हळूहळू वाढवा. २४.५ आला की थांबा. टोन बंद करा, वूफर परत जोडा, लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास आणा. आता ३० हा आकडा म्हणजे तुमची लक्ष्मणरेषा.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. वूफर काढलेला असल्याने अँपवर भार नसतो. भार आल्यावर व्होल्टेज घसरलं तर क्लिपिंग आधी सुरू होऊ शकतं, आणि ते मीटर सांगत नाही. खरं उत्तर ऑसिलोस्कोप (लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) किंवा डी’अमोर इंजिनीअरिंगच्या डीडी-१ सारखं डिस्टॉर्शन ओळखणारं यंत्र देतं. छोटा हातातला स्कोप आता पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधता येतो. वारंवार सिस्टीम बसवणाऱ्याने तो घ्यावाच. एकदाच बसवणाऱ्याने लक्ष्यापेक्षा दहा टक्के व्होल्टेज कमी ठेवावं आणि निवांत झोपावं.

० डेसिबलने लावल्यावर जुनी गाणी दबकी वाटतात अशी तक्रार येते. खरी आहे, जुन्या रेकॉर्डिंगची पातळी कमी असते. तेव्हा -५ डेसिबलचा टोन वापरून गेन लावतात. पण तुमच्या पेन ड्राइव्हवर डीजे रिमिक्स असतील तर हे करू नका. त्यात ४० हर्ट्झचा एकच सूर काही सेकंद सलग, जवळजवळ साइन लाटेसारखा, कमाल पातळीवर घुमत राहतो. गाण्याची सरासरी एक तृतीयांश वगैरे जे वर म्हटलं ते तिथे लागू नाही.

आणि बेस बूस्ट. अँपसोबत येणारी ती गोल वायरवाली कळ बहुधा नुसता आवाज कमीजास्त करते, ती ठीक. पण अँपवरचा ‘बेस बूस्ट’ ४५ हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल वाढवतो म्हणजे तिथे चौपट पॉवर मागतो. १२ डेसिबल म्हणजे सोळापट. मीटर धरून मेहनतीने लावलेला गेन त्या एका स्क्रूने निकालात निघतो. तो शून्यावर ठेवा आणि वर चिकटपट्टी लावा.

कंपनीच्या मूळ टचस्क्रीनला आरसीए आउटपुट नसेल तर स्पीकरच्या वायरीवरून हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा जोरदार सिग्नल अँपला चालेल इतका कमी करणारा) किंवा हाय-लेव्हल इनपुट असलेला अँप लागतो. यात एक खाचखळगा असा की अनेक मूळ स्टिरिओ दरवाजातले स्पीकर वाचवायला वरच्या आवाजात बेस आपोआप कमी करतात. गेन कितीही वाढवा, ठोका येत नाही. अशा गाडीत बेस परत भरून काढणारा प्रोसेसर घ्यावा लागतो. मोठा अँप हा त्यावर उपाय नव्हे.

खोका आणि वायर

आरएमएस हा कॉइलच्या उष्णतेचा आकडा आहे. कोन किती पुढेमागे जाऊ शकतो, ही वेगळी मर्यादा, आणि ती खोक्यावर अवलंबून असते. ३०० वॅटचा वूफर फार मोठ्या सीलबंद खोक्यात घातला तर १५०-२०० वॅटवरच कोन शेवटापर्यंत पोहोचतो आणि टक्-टक् आवाज येतो, कारण हवेची उशी मऊ पडते. पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, खोक्यात ट्यूनिंगच्या सुरावर (ज्या सुराला ती नळी जुळवलेली असते) कोन जवळजवळ स्थिर असतो, पण त्याच्या खाली त्याला कोणी धरणारं नसतं. ३५ हर्ट्झला ट्यून केलेल्या खोक्यात २५ हर्ट्झचा सूर निम्म्या पॉवरवरही वूफर फाडू शकतो. म्हणून पोर्टेडला सबसॉनिक फिल्टर २८-३० हर्ट्झवर लावलाच पाहिजे. मात्र नीट बांधलेला पोर्टेड खोका ट्यूनिंगच्या आसपास तीनेक डेसिबल सहज जास्त देतो. म्हणजे अँप दुप्पट करण्याइतकं, तेही प्लायवूडच्या किमतीत.

वायरच्या बाबतीत बाजारात मिळणारं ‘वायरिंग किट’ हा सगळ्यात दुबळा दुवा. बहुतेक स्वस्त किटमधली वायर सीसीए असते, आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. चाकूने एक तार खरवडली की पांढरी चमक दिसते. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर धरले तर ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) शुद्ध तांब्याची वायर ४५ अँपिअरला सुमारे ०.४५ व्होल्ट खाते, तीच सीसीए असेल तर ०.७. ४ गेज तांब्याची ०.२ पेक्षा कमी. आमच्या उदाहरणातल्या ३०० वॅटला ८ गेज तांबं पुरतं. ५०० ला सरळ ४ गेज घ्या. सीसीएच घ्यायची असेल तर एक आकार वरची.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो अँपसाठी नसून वायरसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या) पत्र्याने वायर सोलली आणि बॉडीला टेकली तर आग लागू नये म्हणून. ८ गेज तांब्याला ५०-६० अँपिअर, ४ गेजला १००. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. अर्थ (अर्थिंग) डिक्कीतच, अर्ध्या मीटरपेक्षा लहान वायर, पॉवर वायरच्याच जाडीची. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वरून रंग किंवा ग्रीस, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ लावू नका, तो बोल्ट दुसऱ्या कामासाठी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असलेल्या गाडीत पुढे कुठे अर्थ द्यायचा झाला तर तो बॉडीला द्या, थेट टर्मिनलला नाही. सेन्सरला वळसा पडला की त्याचा हिशोब चुकतो.

ठोक्यावर हेडलाइट लुकलुकले की दुकानदार १ फॅरडचा कपॅसिटर सुचवतो. दिसायला छान, निळा दिवा असतो. हिशोब मात्र असा: १४.४ वरून १२ व्होल्टवर येताना १ फॅरडमधून ३२ जूलही निघत नाहीत. अँप ६०० वॅट ओढत असेल तर एका सेकंदाचा विसावा भाग. एक ठोकाही पुरा होत नाही. त्याच पैशांत आधी अर्थ तपासा, मग बॅटरीचं वय. तरीही लुकलुकत असेल तर तीन वायरी जाड करा, अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी. पहिल्या वायरीला दोन टोकांना वीज आहे, म्हणून तिलाही फ्यूज लागतो.

अँप वूफरच्या खोक्यावरच स्क्रूने बसवायची पद्धत आहे, ती टाळा. सततच्या थरथरीने आतले झाळकामाचे जोड सुटतात. सीटखाली बसवलात तर मुंबईच्या जुलैत गाडीच्या तळाशी पाणी येतं हे ध्यानात ठेवून दोन इंच उंच बसवा आणि वर कार्पेट घालू नका.

पहिल्या दिवशी अर्धा तास ठरवलेल्या आवाजात वाजवा, मग बंद करून हात लावत जा. अँप गरम असणं साहजिक आहे, हात ठेवता आला की पुरे. फ्यूजचा होल्डर, अर्थचा बोल्ट, पॉवरचं टर्मिनल यातलं काही गरम लागलं तर तिथला जोड सैल आहे. खोक्याजवळ नाक नेऊन वास घ्या. गोडसर, जळक्या गोंदासारखा वास आला तर कॉइल मर्यादेच्या पलीकडे गेली होती. गेन लगेच खाली आणा, आणि कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलून बघा. खरखर लागली नाही तर वेळेत सावरलात.